गिझर भिंतीच्या बाहेर

थंडी पडली की आपल्या घरांत दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. पाणी तापवायला आग पेटते आणि गार वारा आत येऊ नये म्हणून खिडकी बंद होते. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी साध्या आहेत. पण त्या एकाच लहान खोलीत एकत्र आल्या की माणूस दगावू शकतो, आणि तेही आवाज नाही, धूर नाही, वास नाही अशा रीतीने. गॅसवर चालणारा गिझर बाथरूमच्या आत नसावा, भिंतीच्या बाहेर असावा, एवढेच आम्हाला या महिन्यात सांगायचे आहे. का नसावा आणि बाहेर लावायचा तर कसा, ते सविस्तर सांगतो.

हा विषय आत्ताच घेण्याला कारण आहे. हिजरी वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. आता तो हिवाळ्यात आला आहे. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल, २०२९ मध्ये जानेवारीच्या मध्यास. २०३० या एकाच इसवी सनात तर दोन रमजान सुरू होतील, एक जानेवारीच्या आरंभी आणि दुसरा डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे पुढली काही वर्षे आपल्याकडच्या घरांत सहरीच्या वेळी, ऐन थंडीत, दारे-खिडक्या लावून पाणी तापवले जाणार आहे. शहापूर, किन्हवली, सरळगाव, टोकावडे या पट्ट्यात पहाटेची थंडी मुंबईसारखी नसते, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. त्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून गॅसचा गिझर लोकांना सोयीचा वाटतो. तो सोयीचा आहेच. प्रश्न त्याच्या जागेचा आहे.

आपल्याच भागातल्या दोन घटना वाचकांना आठवत असतील. जानेवारी २०२१ मध्ये बोरिवलीत अंघोळीला गेलेली पंधरा वर्षांची मुलगी बराच वेळ बाहेर आली नाही. दार उघडले तेव्हा ती बेशुद्ध होती, आणि पुढे तिचा मृत्यू झाला. बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला धुळवड खेळून घरी आलेले पती-पत्नी बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडले. गॅस गिझरमुळे गुदमरल्याचा संशय पोलिसांनी व्यक्त केला. दोन्ही घरे शहरातली, शिकल्या-सवरल्या माणसांची. तेव्हा हा धोका गरिबीचा किंवा अडाणीपणाचा नाही. तो बंद खोलीचा आहे.

आत काय घडते

शाळेत आम्ही मुलांना जळत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा ठेवून दाखवतो. ज्योत लहान होते आणि विझते. मुले म्हणतात, ऑक्सिजन कमी पडला. बरोबर आहे. पण विझण्याआधी ती ज्योत अर्धवट जळत असते, आणि अर्धवट जळण्यातूनच कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. पुरेशी हवा मिळाली तर गॅस पूर्ण जळतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड निघू लागतो.

एक साधा हिशेब मांडू. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला साधारण बारा हजार लिटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला दोन हजार लिटर. आता आपले बाथरूम मोजा. चार फूट रुंद, पाच फूट लांब, आठ फूट उंच. त्यात हवा मावते साडेचार हजार लिटर. एकाच अंघोळीत जवळजवळ निम्म्या हवेचा ऑक्सिजन ज्योत खाऊन टाकते, आणि श्वासाला लागतो तो वेगळाच. दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, पण ती पुरत नाही. ज्योतीला बिघडायला निम्मा ऑक्सिजन संपावा लागत नाही, थोडा कमी झाला तरी ती अर्धवट जळू लागते.

या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. सिलिंडरमधल्या गॅसला जो उग्र वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, आणि गॅस जळताना तो वासही जळून जातो. म्हणून "वास आला असता तर कळले असते" या समजुतीत राहू नये. श्वासातून हा वायू रक्तात गेला की ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला चिकटतो. त्याची ही पकड ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट असते. माणूस श्वास घेत राहतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोहोचत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, मग पायातले बळ जाते. कडी उघडायला हात उचलावा असे वाटते, पण हात उचलत नाही. आतून आवाजही न येण्याचे कारण हेच.

पूर्वी असे का होत नव्हते

पाणी तर आपल्या आजीही तापवत होत्या. जुन्या घरांत तांब्याचा बंब असे. मधून धुराचे नळकांडे, भोवती पाणी, खाली लाकूड किंवा कोळसा. तो बंब परसात असे, मागच्या पडवीत असे. ज्यांच्या घरी न्हाणीत होता, त्यांच्या न्हाणीला वर कौले होती आणि भिंती कुडाच्या. कौलांच्या फटींतून धूर निघून जाई आणि कुडातून वारा येई. धूर डोळ्यांत गेला की माणूस आपणच बाहेर येई. त्या घरांना थंडी अडवता येत नव्हती, पण हवाही अडत नव्हती.

आता आसनगाव, शहापूर, मुरबाडला स्लॅबची घरे आणि फ्लॅट झाले. खिडकीला सरकत्या काचा, दाराला रबराची पट्टी, भिंतीला वरपर्यंत टाइल्स. घर स्वच्छ झाले, उबदार झाले, आणि हवाबंद झाले. बंब गेला आणि त्याच्या जागी डब्याएवढा गिझर भिंतीवर आला. त्याला धुराचे नळकांडे नसते, वरच्या झडपेतून जळालेली हवा तिथेच खोलीत सोडली जाते. बंबाचा धूर दिसत होता म्हणून आपण त्याला बाहेर ठेवले. गिझरचा धूर दिसत नाही म्हणून त्याला आत घेतले.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट होते, तीही बोलली पाहिजे. बाथरूमची जाळी किंवा झरोका रस्त्याकडे, शेजाऱ्याच्या गच्चीकडे असतो. घरात मुली, सुना असतात. पडद्याचा विचार करून त्या झरोक्याला पुठ्ठा लावला जातो, प्लास्टिक ठोकले जाते, कधी तो सिमेंटने बुजवलाही जातो. हेतू चांगला आहे. पण पडदा नजरेपासून करायचा असतो, हवेपासून नाही. छताजवळ, डोक्याच्या बरीच वर, तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवली तर बाहेरून आतले काही दिसत नाही आणि हवा खेळती राहते. गवंड्याला सांगून विटांची आडवी-तिरकी जाळीही करून घेता येते. खर्च एका दिवसाच्या मजुरीचा.

शुक्रवारचे डोके

एका पालकसभेनंतर एक आई थांबल्या. मुलाच्या अभ्यासाचे बोलून झाल्यावर सहज म्हणाल्या, "दर जुम्म्याला माझे डोके फुटते बघा. दुपारपर्यंत उलटीसारखे होते. सासूबाई म्हणतात नजर लागते." आम्ही विचारले, घरात किती जण? सात. जुम्म्याला सगळ्यांचे गुस्ल सकाळीच होते का? हो, आधी मोठी माणसे, मग मुले, सगळ्यात शेवटी त्या. गिझर कुठे? आतच, नळाच्या वर. झरोका? पुठ्ठ्याने बंद.

म्हणजे एकामागून एक सहा जणांच्या अंघोळीची जळालेली हवा त्या लहान खोलीत साठत होती, आणि सगळ्यांचे आवरून झाल्यावर घरातली बाई त्या हवेत जाऊन दार लावून घेत होती. नजरेचा इलाज चालू होता, झरोका बंदच होता. त्यांना आम्ही त्याच दिवशी पुठ्ठा काढायला आणि गिझर बंद ठेवायला सांगितले, आणि डॉक्टरांना गिझरची हकीकत सांगून तपासून घ्यायला सांगितले. घर भाड्याचे होते. भिंतीला भोक पाडायला मालक तयार झाले नाहीत. तेव्हा त्या घराने गिझर काढूनच ठेवला. आता स्वयंपाकघराची खिडकी उघडून शेगडीवर पातेल्यात पाणी तापते. कष्ट वाढले आहेत, हे आम्ही नाकारत नाही. जुम्म्याचे डोके मात्र थांबले.

ही खूण सगळ्यांनी लक्षात ठेवावी. ताप नाही, सर्दी नाही, पण डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. घरात एकाहून अधिक जणांना एकाच वेळी होते. बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरे वाटते आणि घरात आल्यावर पुन्हा सुरू होते. असे असेल तर आधी घरातली आग आणि हवा तपासा.

गिझर कुठे आणि कसा

मुरबाडच्या एमआयडीसीत कारखान्याला बॉयलर बसवायचा तर त्याची नोंदणी लागते, सरकारी तपासणी लागते. त्यासाठी १९२३ पासून कायदा आहे आणि २०२५ मध्ये तो नव्याने झाला. आपल्या घरगुती गिझरला तो कायदा लागत नाही. ब्रिटनमध्ये आपले बरेच कोकणी नातेवाईक राहतात, त्यांना विचारून पाहा. तिथे भाड्याने घर देणाऱ्या मालकाला घरातल्या गॅसच्या उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत माणसाकडून तपासणी करून घ्यावीच लागते. आपल्याकडे घरातला इन्स्पेक्टर आपणच. तेव्हा पुढील गोष्टी स्वतः उभे राहून करून घ्याव्यात.

गिझर बाहेरच्या भिंतीवर लावावा, म्हणजे मागच्या पडवीत, ओट्यावर किंवा उघड्या ड्राय बाल्कनीत. आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. प्लंबर म्हणेल, आत लावला तर पाइप वाचतो. वाचू द्या त्याचे म्हणणे, पाइप आपण घ्यावा. बाल्कनीला काचा लावून बंद केली असेल तर ती बाल्कनी नव्हे, खोलीच समजावी.

गिझर बाहेर लावला तरी बाथरूमच्या झरोक्याखाली किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीलगत लावू नये. जळालेली गरम हवा वर जाते आणि त्याच खिडकीतून आत येते. वरच्या मजल्यावर किंवा शेजारी कोणाची खिडकी आहे, तेही पाहावे. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या दीनमध्ये किती ताकीद आहे ते आपण मुलांना शिकवतो. आपल्या गिझरची हवा त्याच्या घरात जाऊ न देणे हाही त्याचा हक्कच आहे.

पावसापासून आडोसा करावा, पण पेटीत कोंडू नये. सिलिंडर उभा आणि मोकळ्यावर ठेवावा. नळी आयएसआय मार्कची, आखूड आणि मध्ये सांधा नसलेली असावी. ज्योत निळी असावी. पिवळी दिसू लागली, काजळी धरू लागली तर गिझर बंद करून साफ करून घ्यावा. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर थंडी पडण्याआधी, तो उघडून तपासून घ्यावाच. अजून बंब वापरणाऱ्यांनी धुराचे नळकांडे पत्र्याच्या वर नेलेले आहे का, त्यात पाखरांचे घरटे किंवा काजळी बसलेली नाही ना, हे पाहावे.

गिझर बाहेर नेणे आज शक्य नसेल तर तोवर आतल्या गिझरखाली अंघोळ करू नये. दार-झरोका उघडा ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, थोडा वेळ हवा जाऊ द्यावी आणि मग आत जावे. घरात वीज टिकत असेल तर विजेचा गिझर किंवा छतावरचा सोलर हा उत्तम मार्ग, कारण त्यात काही जळतच नाही. बाजारात गॅस गळतीचा अलार्म मिळतो, तो कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचाच अलार्म घ्यावा लागतो.

मस्जिदच्या कमिट्यांनाही विनंती आहे. वुजूखाना आणि गुस्लखाना थंडीत बंदिस्त केला जातो आणि पाणी तापवायचे साधन तिथेच असते. ते बाहेर न्यावे. फज्रला येणारे बहुतेक वयस्क असतात, चक्कर आली तर त्यांना सावरणे कठीण जाते.

बाळंतिणीची शेगडी

गिझरइतकाच मोठा धोका कोळशाच्या शेगडीचा आहे. बाळंतिणीला आणि बाळाला शेक द्यायचा म्हणून खोलीत निखारे ठेवले जातात, वर ओवा-लोबान टाकले जाते आणि वारा लागू नये म्हणून दार-खिडकी लावली जाते. निखारा धूर देत नाही म्हणून लोक त्याला निर्धोक समजतात. खरे तर निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्या घरांच्या बातम्या येतात, त्याचे कारण हेच. गर्भवतीच्या पोटातल्या बाळाला तर या वायूचा त्रास आईपेक्षाही जास्त होतो. शेक द्यायचाच असेल तर फडके बाहेर गरम करून आणावे, गरम पाण्याची पिशवी वापरावी. शेगडी खोलीत ठेवून झोपू तर नयेच.

रात्री झोपताना घरात आग जळती ठेवू नये अशी ताकीद हुजूर सल्ल. यांनी दिली आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. मदिनेत एक घर रात्री माणसांसह जळाले, तेव्हा आगीला शत्रू म्हणून ती विझवून झोपायला त्यांनी सांगितले, हेही त्यात येते. आपल्या घरांत लहान मुलांनाही ही हदीस माहीत असते. ती शेगडीला लागू होते आणि गिझरलाही.

असा मृत्यू झाला की "तकदीरमध्ये होते" असे म्हणून विषय मिटवला जातो. तकदीरवर आमचाही ईमान आहे. पण हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता वाटेत सर्ग येथे त्यांना पुढे प्लेग असल्याचे कळले आणि त्यांनी परत फिरायचे ठरवले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? त्यावर अल्लाहच्या एका तकदीरकडून आपण त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर उमर (रजि.) यांनी दिले. गिझर भिंतीच्या बाहेर नेणे हे त्याच जातीचे काम आहे.

कोणी आत अडकले तर

हाक मारून उत्तर आले नाही तर वाट पाहू नये, लाजू नये, दार तोडावे. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवून घेतली तर ही वेळ येत नाही. आत शिरणाऱ्याने श्वास रोखून गिझर बंद करावा आणि माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणावे. आत थांबून पाणी मारत बसू नये, वाचवणाराही पडतो. अंगावर चादर टाकावी, पण घराबाहेर न्यायला उशीर करू नये. श्वास चालत नसेल तर येणाऱ्याने छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे. १०८ ला फोन करावा.

शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळ असेल त्या दवाखान्यात नेताच पहिले वाक्य हे सांगावे : "बाथरूममध्ये गॅसचा गिझर चालू होता." नाहीतर साधी चक्कर समजली जाते. कोरोनापासून बऱ्याच घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. त्यावर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला ऑक्सिजनचेच वाटते आणि तो ९८-९९ दाखवू शकतो. इलाज म्हणजे मास्कने शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला तरी दवाखान्यात न्यावेच, गर्भवती असेल तर न चुकता. गॅसगळतीची शंका असेल तर १९०६ हा क्रमांक आहे.

येत्या जुम्म्याला घरातल्या पुरुषांनी एक काम करावे. सर्वांच्या अंघोळी झाल्यावर, घरातली बाई आत जाण्याआधी, स्वतः बाथरूमच्या दारात उभे राहून वर पाहावे. गिझर आत आहे का, झरोका उघडा आहे का, कडी बाहेरून उघडते का? तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मनासारखे नसेल तर नमाजहून परतताना प्लंबरला निरोप देऊनच घरी यावे.